आबांचा पहिला प्रश्न: लोड किती?



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. दिवाळी झाली की आपल्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो: ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांना स्क्रीनपासून लांब ठेवेल असं काय घ्यायचं? मागच्या वर्षी मी उत्साहाने लिहिलं होतं, "स्लॉट कार घ्या." त्यावर दोघी-तिघींनी विचारलं की सेट घेतला, आता मुलगा चांगली मोटर मागतोय, कुठली घेऊ? तेव्हा उत्तर द्यायचं मी टाळलं. कारण मोटर निवडताना मी स्वतःच चांगलीच तोंडावर आपटले होते. आज ते सगळं लिहिते. मोटरबद्दल लिहिते, आणि त्यात माझ्या वडिलांबद्दलही येईल, त्याला इलाज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून धावणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी. गाडीच्या पोटाखाली एक जीभ असते, ती खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून वीज येते. तुमच्या हातात एक ट्रिगर. जास्त दाबला की गाडी जास्त पळते. स्टिअरिंग नाही. म्हणजे तुमच्या हातात फक्त वेग, आणि वळणावर तो कमी केला नाही तर गाडी खाचेतून उडून बाहेर. इथे यूकेमध्ये हा खेळ बहुतेक घरांतल्या आजोबांना पाठ आहे. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थांची स्प्रिंगवर चालणारी पत्र्याची गाडी होती, स्केलेक्स. तिला वीज जोडली आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक आली. तेव्हापासून इथल्या माळ्यांवर खोक्यांत ट्रॅक पडलेले आहेत. आम्हालाही पहिला सेट असाच चॅरिटी शॉपमध्ये मिळाला.

आमचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. शाळा बदलली होती, जुने मित्र दुसरीकडे गेले होते. जेवताना "हं" आणि "नाही" यापलीकडे शब्द येत नव्हता. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे त्यांना जास्त सांगायला नको. त्या सेटवर मात्र तो तासन्‌तास बसायचा. मग कळलं की गावातल्या स्काउट हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी एक क्लब भरतो. लाकडी ट्रॅक, सहा रंगांच्या सहा लेन. जमणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची, आणि तीन-चार मुलं. प्रत्येकाने प्रत्येक लेनवर एकदा चालवायचं. ज्याची पाळी नाही त्याने मार्शल म्हणून वळणावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उडालेल्या गाड्या उचलून परत खाचेत ठेवायच्या. मला हे फार आवडलं. स्वतः खेळायचं तर आधी दुसऱ्याची गाडी उचलायला शिकायचं.

पहिले तीन महिने तो कायम शेवटी यायचा. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. गाडीत परत येताना तो बोलायचा, हेच मला खूप होतं. पण मी सीए. माझ्यासमोर तक्ता आला की शेवटची ओळ मला बघवत नाही.

त्याच्या गाडीत सेटबरोबर आलेली साधी मोटर होती. १२ व्होल्टला साधारण १८,००० आरपीएमची. मी एका रात्री बसून एक्सेल शीट काढली. मोटरचं नाव, किंमत, आरपीएम, आणि शेवटच्या कॉलममध्ये पौंडाला किती आरपीएम. हो, हसा. पंधरा वर्षं लोकांच्या खरेदीचं ऑडिट करणारी मी, हा कॉलम केला. सॉर्ट केलं. सगळ्यात वर जी आली ती ऑर्डर केली. तीस हजारांच्या वरची मोटर, वीस पौंड.

मुलगा म्हणाला होता, "क्लबमधले आजोबा म्हणतात एक वर्ष हीच मोटर ठेव." मी म्हटलं, "ते आपल्यासारखे नवीन नाहीत ना, त्यांना काय जातंय सांगायला." आता लिहितानाही हे वाक्य मला टोचतं.

मोटर बसवली. घरच्या ट्रॅकवर गाडी सुसाट. मी खूश. मंगळवारी क्लबमध्ये गेलो आणि पहिल्याच वळणावर गाडी थेट भिंतीवर. दुसऱ्या वळणावर पुन्हा. तीन मिनिटांच्या फेरीत ती नऊ वेळा उडाली. मार्शल लोक हसत हसत उचलून देत होते, पण माझ्या मुलाचे कान लाल झालेले मला दिसत होते. चौथ्या लेनवर गाडी वळणावरच्या पट्टीखाली अडकली. चाकं जाम. त्याला ते कळलं नाही, किंवा कळून रागाने, त्याने ट्रिगर पूर्ण दाबून धरला. पाच सेकंद, दहा सेकंद. आणि मग तो वास आला.

मंडळी, तो वास मला माहीत होता. तांब्याच्या तारेवरचा एनॅमल जळल्याचा वास. थोडा गोडसर, थोडा घशात बसणारा. इंग्लंडमधल्या त्या थंडगार हॉलमध्ये मी एका क्षणात इचलकरंजीला, आबांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. आणि तिथे उभं राहून मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणाले, "झालं! वीस पौंड जाळलेस!"

तो काही बोलला नाही. गाडी पेटीत ठेवली आणि राहिलेला सगळा वेळ वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या उचलल्या. पुढचे तीन मंगळवार त्याने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

आता आबांविषयी. माझे वडील इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंग करायचे. ज्यांना इचलकरंजी माहीत आहे त्यांना कळेल, यंत्रमागांचं गाव. घराघरातून मागांचा खडखडाट आणि प्रत्येक मागाला एक मोटर. शिवाय आजूबाजूला ऊस, म्हणजे विहिरींवरचे आणि नदीवरचे पंप. व्होल्टेज कमी आलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. तीनपैकी एक फेज गेली तरी तेच. मग जळलेली मोटर सायकलच्या कॅरिअरवर नाहीतर छोट्या टेम्पोत आमच्या दुकानी यायची. आबा जळलेली तार कापून काढायचे, एका कॉइलमध्ये किती फेरे होते ते मोजायचे, तारेची जाडी गेजने बघायचे, नवी तार तेवढ्याच फेऱ्यांची भरायचे, कागदाचं इन्शुलेशन घालायचे, वॉर्निश पाजायचे आणि भट्टीत वाळवायचे. त्यांच्या नखांत कायम वॉर्निश. शाळेच्या गॅदरिंगला ते आले की मला तो वास यायचा आणि मी मैत्रिणींबरोबर पुढच्या रांगेत जाऊन बसायचे.

पुण्याला आर्टिकलशिप करताना कुणी विचारलं की सांगायचे, "बाबा इलेक्ट्रिकलमध्ये आहेत." ऐकणाऱ्याला वाटायचं इंजिनिअर. मी कधी खोडून काढलं नाही. इथे आल्यावर तर कुणी विचारतच नाही. माझ्या मुलाला आबा म्हणजे रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसणारे, कमी ऐकू येणारे, "जेवलास का?" विचारणारे आजोबा. त्यापुढे दोघांनाही काही सुचायचं नाही आणि फोन माझ्याकडे यायचा.

त्या रविवारी आबांनी विचारलं, "पोरगा कुठं हाय?" मी म्हटलं, "वर आहे, रुसलाय." मग सगळं सांगितलं, मोटर जळल्याचं. आबा एकदम सरसावून बसले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा चेहरा असा बदललेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"मोटर घेताना लोड किती बघितलास का गं?"

मी म्हटलं, "आरपीएम बघितले."

"आरपीएमला काय करायचंय? आधी लोड किती, मग कशावर चालणार, मग किती वेळ चालणार. आरपीएम सगळ्यात शेवटी. दुकानात वाढलीस आणि एवढं इसरलीस व्हय?"

मी वर जाऊन मुलाला म्हटलं, आबांना मोटर बघायची आहे. तो आला, जळलेली मोटर घेऊन. फोन उभा केला आणि आबांच्या सांगण्यावरून चिमट्याने पत्र्याचे कान उचकटून मोटर उघडली. आत एवढासा रोटर. त्यावर तीन कॉइल. आबा फोनच्या इतके जवळ आले की स्क्रीनवर नुसता चष्मा दिसत होता. "तीनच कॉइल? आणि एवढ्यावर तीस हजार फिरते? वा रे वा." मग म्हणाले, "मोज फेरे."

मुलाने मोजायला सुरुवात केली. पहिल्या कॉइलची तार जळून चिकटलेली होती, तुटली. दुसऱ्या कॉइलला मोजणी मध्येच चुकली म्हणून हाताशी वही घेतली आणि दर दहा फेऱ्यांना एक रेघ मारली. तिसऱ्या कॉइलचा आकडा दुसऱ्याशी जुळला तेव्हा दोघेही एकदमच "येस!" आणि "बरोब्बर!" म्हणाले. पाऊण तास चालला तो कॉल. मी बाजूला बसून दुभाषाचं काम करत होते. पण अर्ध्या वेळेला माझी गरज लागली नाही. फेरे, तार, लोड, करंट, गिअर हे शब्द दोघांनाही कळत होते.

फोन ठेवल्यावर मुलगा मला म्हणाला (इंग्रजीत, मी मराठीत लिहिते), "आबा मोटर दुरुस्त करायचे हे तू मला कधी सांगितलंच नाहीस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. "विचारलं नाहीस ना कधी," असं काहीतरी बोलले. ते खरं नव्हतं.

आता मोटरकडे येते, कारण तुमचा प्रश्न तो आहे. आबांनी सांगितलेलं, क्लबमधल्या आजोबांनी सांगितलेलं आणि मी स्वतः आकडे मांडून बघितलेलं, असं सगळं एकत्र देते.

मोटरच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक आरपीएम, म्हणजे लोड नसताना मिनिटाला किती फेरे. दुसरा टॉर्क, ग्रॅम-सेंटिमीटरमध्ये, म्हणजे पिळायचा जोर. तोही मोटर अगदी अडवून धरली असतानाचा असतो. माझ्या शीटमध्ये हा दुसरा कॉलमच नव्हता. विक्रीचा दर बघितला आणि नग किती खपले तेच बघितलं नाही, असा प्रकार.

उदाहरण घ्या. एक मोटर २०,००० आरपीएम आणि २०० ग्रॅम-सेंटिमीटर. दुसरी २५,००० आरपीएम आणि १६० ग्रॅम-सेंटिमीटर. गुणाकार करा. दोन्हींचा ४० लाख येतो. अशा छोट्या डीसी मोटरची जास्तीत जास्त ताकद ती आपल्या पूर्ण वेगाच्या निम्म्या वेगाने फिरत असताना मिळते, आणि ती या गुणाकारावरच ठरते. या दोन्हींची ती साधारण १० वॅट. म्हणजे पंचवीस हजारवाली मोटर जास्त ताकदीची नाही. तीच ताकद तिने वेगळ्या पद्धतीने वाटून दिली आहे, एवढंच.

इथे गिअर येतो. आबा म्हणाले, "मागाला बघ, मोटर १४४० नं फिरते, माग काय तेवढा फिरतो व्हय? छोटी पुली, मोठी पुली." तसंच इथे. मोटरच्या दांड्यावर ९ दातांचा पिनियन, मागच्या ॲक्सलवर २७ दातांचा गिअर. मोटर तीन वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. आता वरच्या पहिल्या मोटरला ३ चा गिअर लावा आणि दुसरीला ३.७५ चा. चाकापाशी दोन्हींचा वेग आणि दोन्हींचा जोर अगदी सारखाच येतो. करून बघा कॅल्क्युलेटरवर. म्हणून मोटर एकटी निवडायची नसते, मोटर आणि गिअर जोडीने निवडायचे असतात. मी जास्त आरपीएमची मोटर आणली आणि गिअर जुनाच ठेवला. गाडी पहिल्याच गिअरमध्ये अडकलेली आपली कार कशी उड्या मारते, त्याच्या नेमकी उलट गत: टॉप गिअरमध्ये गल्लीबोळ फिरायचे. ट्रिगर जरा हलवला की एकदम वेग, आणि वळणाआधी तो कमी होईना.

वेग किती पुरतो याचाही हिशोब करून बघा. साधी १८,००० ची मोटर, ३ चा गिअर, म्हणजे चाक मिनिटाला ६,००० वेळा फिरणार. टायर २० मिलिमीटरचा असेल तर एका फेऱ्यात साधारण ६३ मिलिमीटर अंतर. मिनिटाला ३७७ मीटर. म्हणजे ताशी बावीस-तेवीस किलोमीटर. गाडी खऱ्या गाडीच्या १/३२ आकाराची आहे, तेव्हा त्या मापात ताशी सातशे किलोमीटरच्या वर. हा लोड नसतानाचा वेग आहे, ट्रॅकवर एवढा मिळत नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त कशाला लागतो, हे मला कुणीतरी त्या रात्री विचारायला हवं होतं.

आता घरी सुसाट आणि क्लबमध्ये उडते, असं का? ते मला नंतर कळलं. घरच्या प्लॅस्टिक ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी असतात आणि गाडीच्या पोटाखाली एक चुंबक असतो. तो गाडीला खाली ओढून धरतो. क्लबचा ट्रॅक लाकडी, पट्ट्या तांब्याच्या. तांब्याला चुंबक धरत नाही. तिथे गाडीला धरून ठेवतात फक्त टायर आणि तिचं वजन. टायरची पकड संपली की मोटरची उरलेली ताकद नुसती चाकं जागच्या जागी फिरवते. म्हणून आबांचा दुसरा प्रश्न, कशावर चालणार?

आणि तिसरा, किती वेळ? मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलटा दाब तयार करते आणि करंट मर्यादेत राहतो. अडकून थांबली की तो दाब जातो, करंट सगळ्यात जास्त होतो आणि सगळी वीज उष्णतेत जाते. तिसेक हजारांची मोटर जळली ती वाईट होती म्हणून नाही. तिला आम्ही थांबवून ठेवून वीज पाजत राहिलो.

आम्ही मग काय केलं? जुनीच मोटर परत बसवली. मुलाने एक वही केली. आबांची दुकानातली वही कशी असायची ते मी त्याला सांगितलं: तारीख, कुणाची मोटर, किती एचपी, किती फेरे, कुठली तार. त्याने रकाने केले: तारीख, लेन, मोटर, गिअर, टायर, तीन मिनिटांत किती लॅप, किती वेळा उडाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आबांचा नियम. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. (ऑडिटमध्ये आम्ही हेच वेगळ्या भाषेत सांगतो आणि त्याची फी घेतो.)

माझ्या महागड्या मोटरवर त्याचा सर्वांत चांगला आकडा होता १९ लॅप, सात वेळा उडून. जुन्या मोटरवर, नवे टायर लावून आणि चेसिसमध्ये शिशाचा छोटा तुकडा चिकटवून, २३ लॅप, दोनदा उडून. मग गिअर बदलला, २४ आणि एकदा. एकदा उडालेली गाडी परत येईपर्यंत जो वेळ जातो तो कुठलीच मोटर भरून देत नाही. हे माझ्या शीटमध्ये कुठेच नव्हतं.

सहा महिन्यांनी त्याने स्वतः नवी मोटर निवडली. तीसची नाही, एकवीस हजारांच्या आसपासची, टॉर्क चांगला असलेली. मी विचारलं, हीच का? म्हणाला, आमचा ट्रॅक वळणांचा आहे, मोठी सरळ एकच. मला वळणातून बाहेर पडताना जोर हवा आणि आत शिरताना ब्रेक हवा. ट्रिगर सोडला की मोटर उलट जनरेटरसारखी वागते आणि गाडीला थांबवते, हे त्याने मला समजावून सांगितलं. मी पैसे दिले. कॉलम केला नाही.

आता तुमच्यासाठी, म्हणजे जे खरंच घ्यायला निघाले आहेत त्यांच्यासाठी, मुद्द्यांत:

१. मूल नवीन असेल तर सेटबरोबर आलेली मोटर किमान काही महिने राहू द्या. आधी टायर स्वच्छ करा, बदला. पैसे तिथे घातले तर फरक लगेच दिसतो.

२. क्लबमध्ये जाणार असाल तर आधी नियम विचारा. काही शर्यतींत सगळ्यांना एकाच प्रकारची मोटर वापरावी लागते, कधी तर आयोजकच मोटर वाटतात. घेतलेली मोटर चालणारच नाही, असं होऊ शकतं. चुंबक चालतो का, तेही विचारा.

३. मोटरचा आकार बघा. छोट्या गाड्यांत बसणारी बारीक मोटर वेगळी, नेहमीची वेगळी, लांब डब्याची वेगळी. गाडीत ती आडवी बसते की उभी, तेही बघा. त्याप्रमाणे गिअरचा प्रकार बदलतो.

४. आरपीएम आणि टॉर्क दोन्ही आकडे बघा, आणि गिअर कोणता लावणार ते त्याच वेळी ठरवा. मोठा गिअर लावताना तो खाली ट्रॅकला घासत नाही ना, हे बघा.

५. जोरदार मोटर घेतली तर कंट्रोलरही तसा लागतो. साध्या कंट्रोलरवर ती "बंद किंवा फुल्ल" एवढंच ऐकते. म्हणजे वीस पौंडांची मोटर प्रत्यक्षात वीस पौंडांची नसते.

६. नवी मोटर आणल्या आणल्या पळवू नका. दोन-तीन व्होल्टवर, लोड न देता थोडा वेळ फिरू द्या, ब्रश नीट बसतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना तेलाचा एक थेंब. एकच.

७. गाडी अडकली की पहिल्यांदा ट्रिगर सोडायचा. मुलाला हे आधी शिकवा, बाकी सगळं नंतर.

८. आणि जळलीच तर सगळ्यांसमोर किंमत सांगू नका. हा मुद्दा फक्त माझ्यासारख्यांसाठी.

शेवटचं थोडं. आबांचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली. शटर बंद आहे, पण आत सामान तसंच आहे, विकायला त्यांचं मन होत नाही. या उन्हाळ्यात आम्ही जाणार आहोत. मुलाने जळलेल्या मोटरचा रोटर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलाय. तो आबांना घेऊन त्यात नवी तार भरायची आहे. मी आबांना म्हटलं, "आबा, एवढी बारीक तार तुमच्याकडे कुठली, आणि दिसणार कसं तुम्हाला?" तर म्हणाले, "मला कशाला दिसायला पाहिजे? पोराला दिसतंय की. मी फेरे मोजतो."

मला वाटतं ती मोटर काही चालणार नाही. रोटरचा तोल जरा जरी गेला तरी त्या वेगाला ती थरथरणार, हे मलाही कळतं. मी दोघांनाही बोलले नाही.

परवा शाळेत मुलाला घरातल्या एका माणसाच्या कामाबद्दल लिहायचं होतं. मला वाटलं माझ्याबद्दल लिहील, सोपं आहे, सगळ्यांना कळतं. त्याने मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "रिवाइंडिंगला इंग्रजीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "अरे, रिवाइंडिंगच म्हणतात." आणि मग बसून त्याला सांगितलं, वॉर्निशच्या वासासकट.

तुमच्याकडे कुणी स्लॉट कार चालवत असेल तर कोणत्या मोटर वापरता, कुठला गिअर, जरूर लिहा. आमची वही उघडी आहे.